लाल बुचाची बाटली

मी एका मोटरसायकलचा रेडिएटर बोलतोय. खरं तर चारचौघांत बोलायची मला लाज वाटते. पण माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे धाडस.

माझी गाडी भंगारात गेली आणि सुराबाया शहराच्या एका गल्लीतल्या त्रियोनोनं मला उचललं. तो लग्नाच्या फिल्म जोडून द्यायचा. इथला उकाडा असा, की भर दुपारी त्याचा कॉम्प्युटर काम अर्धवट टाकून बंद पडे. मग त्यानं घरच्या घरी पाण्याचा गारवा करायचं मनावर घेतलं. मासे पाळायच्या टाकीतला पंप आणला, पारदर्शक नळ्या आणल्या, कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या चिपवर बसवायला लेथवाल्याकडून तांब्याचा ठोकळा घडवून घेतला आणि पाणी साठवायला कोळंबीच्या पापडांची बरणी लांबवली. मला कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवलं.

"आता पापड कुठे ठेवू? तुझ्या डोक्यात?" त्याची बायको एंडा म्हणाली.

ठोकळ्याशी तापलेलं पाणी माझ्याकडे यायचं, मी ते निववून परत पाठवायचो. शेजारीपाजारी बघायला येत. मी फुशारलो होतो. आतून मात्र तांब्याच्या संगतीनं माझं अ‍ॅल्युमिनियम झिजत चाललं होतं.

बरणीत बॅटरीचं पाणी घालायचे, निळ्या बुचाच्या बाटलीतलं. तशाच दिसणाऱ्या लाल बुचाच्या बाटलीत तेजाब, म्हणजे बॅटरीचं अ‍ॅसिड, असतं. दोन्ही बाटल्या त्रियोनोच्या सासऱ्यांच्या फळीवर असत. इथे मानानं पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. सासरे, पाक कास्दी, यांनी जन्मभर टेम्पो चालवलेला. डोळ्यांनी दगा दिला म्हणून टेम्पो सुटला, पण ते सांगत, "गुडघे दुखतात." घरातले सगळे माना डोलावत. एंडा त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे गुपचूप काढून ठेवी. वडीलधाऱ्याला त्याचं उणं दाखवायचं नाही, ही इथली रीत.

त्या दुपारी बू मुर्सिना आल्या होत्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाची फिल्म त्रियोनोकडेच होती. लग्नात लेक आशीर्वादासाठी गुडघ्यांवर बसली तेव्हा तिचा बाप, कधी नव्हे तो, हमसून रडला होता. महिन्याभरात तो गेला. आता उद्या घरी त्याच्या नावाची प्रार्थना होती आणि बाईंना ते दृश्य सगळ्यांना दाखवायचं होतं. ते फक्त या कॉम्प्युटरात होतं. कॅमेऱ्याचं कार्ड त्रियोनोनं पुढच्या लग्नासाठी पुसलं होतं.

"होतंय काकू, अर्धी झालीच," तो म्हणाला आणि त्यांना कॉफी दिली.

तेवढ्यात पाक कास्दी आत आले आणि पंपाच्या घरघरीवरून ओळखून म्हणाले, "पाणी खाली गेलंय रे जावईबापू. थांब, मी भरतो." त्यांनी बरणीवर हात फिरवला, झाकण चाचपून उघडलं आणि हातातल्या बाटलीतलं भसाभसा ओतलं.

बूच लाल होतं.

त्रियोनोनं पाहिलं. पाहुण्या बाईसमोर काय म्हणणार? बाबा, तुम्हाला दिसत नाही?

"आभारी आहे, बाबा," तो म्हणाला.

त्यानं मनाशी ठरवलं असावं, की काकू गेल्या की लगेच बंद करून धुऊन काढू. पण पाहुण्याला जा म्हणायची सोय नाही. वीज गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यात पाक कास्दींनी टेम्पोच्या गोष्टी काढल्या आणि बू मुर्सिनांनी दुसरी कॉफी घेतली. माझ्या अंगाची आग होत होती. मी जीव खाऊन धरून ठेवलं. पण झिजलेलं अंग किती धरणार? एक थेंब सुटला, मग दुसरा, मग धारच लागली. खाली डिस्क होती. पडदा काळा झाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हा भंगारातला रेडिएटर!" त्रियोनो बू मुर्सिनांकडे न बघता म्हणाला. "फुटका निघाला मेला."

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं डिस्क पाहून नकारार्थी मान हलवली. त्रियोनोनं मला अंगणात फेकलं. मला राग आला होता आणि त्या रागाचीही लाज वाटत होती, कारण गळलो तर मीच होतो.

दुसऱ्या दिवशी पाक कास्दी माझ्यावर पाणी ओतून मला धुऊ लागले. त्यांची बोटं माझ्या अंगावरून फिरली आणि पांढऱ्या, खरबरीत भोकांपाशी थांबली. तेजाबानं खाल्लेला धातू त्यांच्या बोटांना ओळखीचा होता.

मग मला काखेत मारून ते भिंतीच्या आधारानं बू मुर्सिनांच्या घरी, प्रार्थनेला गेले. चटयांवर माणसं बसली होती. सगळ्यांसमोर त्यांनी मला खाली ठेवलं.

"वहिनी, रेडिएटरला बोल लावू नका. जावयालाही नको. मी तेजाब ओतलं. मला दिसत नाही." त्यांनी डोळ्यांकडे बोट केलं. "दोन वर्षं झाली, नीट दिसतच नाही."

त्यांच्यामागोमाग आलेला त्रियोनो मान खाली घालून उभा होता. बू मुर्सिना ओढणीशी चाळा करत राहिल्या.

"मला माहीत आहे, भाऊजी," त्या अखेर म्हणाल्या. "समोरच बसले होते ना मी. लाल बूच मलाही दिसलं. पण तुमचा जावई गप्प होता, तुम्ही इतक्या हौसेनं भरत होतात… मला बोलवेना."

सगळ्यांपुढे वाढलेला भात निवत होता.

आता मी बू मुर्सिनांच्याच ओसरीच्या कोपऱ्यात पडून आहे. मला कोणी टाकत नाही आणि माझ्याकडे कोणी बघतही नाही. माझं एकच मागणं आहे. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे. लाल दिसलं तर लाल म्हणा हो, समोर कोणीही असो.