चंदेरी पट्टीखालचं नाव

कियाना रांगत होती तेव्हापासून ती शाळेत जाऊ लागेपर्यंत मला नाव नव्हतं. म्हणजे आईबापांनी ठेवलेलं होतं, पण ते तोंडातून काढायची सोय नव्हती. माझी मावसबहीण गेली, आणि तिचं नि माझं नाव एकच. आमच्या आदिवासी वस्तीत माणूस गेलं की त्याचं नाव मिटतं. त्याच नावाचं दुसरं कोणी जिवंत असलं तर तेही मग 'कुनमनारा' होतं, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती. दुकानात आम्ही दोघी-तिघी कुनमनारा एकदम शिरलो की काउंटरवरचा गोरा डोक्याला हात लावायचा. लाव म्हणावं. बहीण माझी गेली होती, त्याची नव्हे.

ते नाव मी लगेच सांगणार नाही. जसं ते परत आलं तसंच सांगेन.

बहिणीचं काळीज लहानपणीच्या तापाने खराब झालं होतं. ऑपरेशनला विमानाने अॅडलेडला न्यायचं ठरलं तेव्हा तिची कियाना अंगावर पीत होती. जायच्या आदल्या दिवशी बहीण माझ्या खोलीत आली. माझी खोली म्हणजे वस्तीचं रेकॉर्डिंग जिथे चालतं ती पत्र्याची खोली; एक कॉम्प्युटर, एक कॅमेरा, आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी भरून ठेवलेल्या डिस्क.

"माझं बोलणं भरून ठेव," ती म्हणाली. "पोरीसाठी."

"उगाच काहीतरी. महिन्यात परत येशील आणि स्वतःच तिचं डोकं खाशील."

"खाईन गं. तरी भर."

ती बोलली, मी भरलं. मग काळ्या जाड पेनाने डिस्कवर तिने स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून हसली. हसताना तिला धाप लागली.

परत आली ती पेटीतून.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. घराला पाल्याची धुरी दिली, तिचे कपडे जाळले, फोटो पालथे घातले. घरच्यांनी बसून ठरवलं की आवाजही झाकायचा. कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं आणि एकच डिस्क तिच्या आईकडे, म्हणजे म्युरियल मावशीकडे दिली. मावशीने डिस्कवरच्या नावावर चंदेरी पट्टी चिकटवली. टोयोटाचा पाइप फुटला की गुंडाळतात ती, जाडजूड. एकावर एक थर दिले. मग शालीत गुंडाळून ती पिठाच्या डब्यात ठेवली, आणि डबा चुलीमागच्या फळीवर. उन्हाळ्यात त्या फळीवर लोणी ठेवलं तर तासाभरात त्याचं पाणी होतं. पण तेव्हा कोणाच्या डोक्यात हे येणार?

कियाना मावशीपाशी नि माझ्यापाशी वाढली. मला ती आईच म्हणते. आमच्या भाषेत आईला आणि आईच्या बहिणीला शब्द एकच आहे. पण शाळेत गेल्यावर तिला प्रश्न फुटले. एके दिवशी भाकरीचा तुकडा चहात बुडवता बुडवता म्हणाली, "माझी ती आई बोलायची कशी?"

मावशी उठून कुत्र्यांना शिव्या घालत बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"आता उघडू या," ती म्हणाली. "पुष्कळ झालं. पोरीच्या कानावर आईचा आवाज एकदा तरी पडू दे. आणि नाव आईच सांगेल. सगळ्यात आधी तिच्याच तोंडून निघू दे."

त्या शनिवारी खोलीबाहेरच्या झाडाखाली बायका जमल्या. गरम राखेत कांगारूच्या शेपट्या भाजायला पुरल्या होत्या. आत आम्ही तिघीच: मावशी, कियाना आणि मी. कियानाचे केस मावशीने ओले करून चापूनचोपून बसवले होते, पाहुणी येणार असल्यासारखे.

मावशीने शाल उलगडली. डिस्क हातात घेतल्याबरोबर मी म्हटलं, "मावशी, ही पट्टी आधी काढू या. फार जाड आहे."

"पट्टीखाली काय आहे?"

"नाव."

"मग? ती बोलायच्या आधी नाव उघडं करतेस? तुला आपल्या नावाची घाई झालीय, दुसरं काही नाही."

मला ते लागलं, कारण थोडं खरं होतं. तरी म्हटलं, "अगं, ट्रेमध्ये शिरायला नको का?"

"तू नाही का शिरत तुझ्या त्या लाल फ्रॉकमध्ये? शिरेल."

बाहेरच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि डिस्क आत सरकवली.

आधी नेहमीसारखी घरघर झाली. मग आवाज चढत गेला. मेज थरथरायला लागलं, मेजावरचा कप चालत कडेला आला. मी बटण दाबलं. ट्रे बाहेर येईना. कियाना पडद्याला नाक लावून बसली होती.

"आली का आई?" तिने विचारलं.

तेवढ्यात आत फाडकन काहीतरी फुटलं. नंतर खुळखुळ, आणि मग काहीच नाही. पडद्यावर एक ओळ आली: ड्राइव्हमध्ये डिस्क नाही.

खोटं वाटेल, पण मी पुन्हा बटण दाबलं. मावशी म्हणाली, "गाडी कुठे अडली? ढकल ना." मी प्लग काढला, पेपरक्लिप सरळ करून बारक्या भोकात खुपसली. ट्रे अर्धा आला, आणि त्यातून तुकडे जमिनीवर सांडले. चकचकीत, टोकदार. बाकीचे काढायला ड्राइव्ह उलटी करून झटकावी लागली. एक तुकडा मात्र मोठा होता, पट्टीने धरून ठेवलेला.

मावशीने शाल जमिनीवर पसरली. आम्ही दोघींनी एकेक तुकडा उचलून तिच्यावर ठेवला. चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला. कियानाला हात लावू दिला नाही, तर ती रुसली.

"जोडता येतं," मावशी म्हणाली. "तुझा तो अॅलिसचा माणूस जोडतो. विचार त्याला."

अॅलिस स्प्रिंग्जचा ट्रेव्हर आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी फोन लावला. माझ्या फोनचा कानाचा भाग गेलाय, त्यामुळे स्पीकरवर बोलावं लागतं आणि सगळ्यांना ऐकू जातं. तेच नडलं.

"तुकडे झाले?" ट्रेव्हर म्हणाला. "मग संपलं, बाई. ओरखडा असता तर काहीतरी केलं असतं. ठेवली कुठे होती? गरम जागी?"

"हो."

"बारीक चीर गेली असणार. दिसत नाही ती. तेवढ्यानेही कदाचित फुटली नसती. वर काही चिकटवलं होतं का? एका बाजूला वजन आलं की फिरताना तोल जातो, आणि मग..."

"नाही," मी म्हटलं. "काही नव्हतं." आणि फोन बंद केला.

मावशी इंग्रजी बोलत नाही म्हणून तिला कळत नाही असं समजणारे मूर्ख पुष्कळ आहेत. त्या दिवशी त्यांत मीही होते.

"मशीन जुनं झालंय," मी तिला सांगितलं. "कधीपासून नवीन मागतेय, देत नाहीत."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस." तिने तो मोठा तुकडा उचलला आणि अंगठ्याने पट्टीची कड चाचपली. "ही मी लावली. चांगली दाबून लावली, सुटू नये म्हणून. आज काढू दे म्हणत होतीस, तीही काढू दिली नाही."

"मावशी, तू रीत पाळलीस."

"पाळली ना. म्हणून तर."

तिने तो तुकडा छातीशी धरला. बाईने रडावं, डोकं बडवून घ्यावं, आमच्यात त्याची लाज नसते. ती रडलीच नाही. मला ते बघवेना. मला त्या पट्टीचा राग आला, डिस्कचा आला, पोरगी आईला मुकली ती दुसऱ्यांदा, म्हणून देवाचाही आला. सगळ्यात जास्त राग आला तो मला रडू येत होतं त्याचा.

"आली नाही?" कियानाने विचारलं.

मावशीने तो तुकडा शालीवर ठेवला. मग मला म्हणाली, "ती बोलली तेव्हा तू इथेच होतीस."

"हो."

"आठवतंय?"

"शब्द आठवतात."

"मग बोल. तूही आईच आहेस तिची. आणि नावही तेच. दुसरं कोण बोलणार?"

मला नको होतं. जिथे बहीण बसली होती त्याच खुर्चीत मी बसले, कियानाला समोर उभं केलं. बाहेर बायकांचं बोलणं थांबलं होतं.

"कियाना, ऐकतेस ना?" मी म्हटलं. "मी तुझी आई. माझं नाव व्हर्ना."

ते नाव माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी निघालं आणि बाहेर पहिला हंबरडा फुटला. एकीचं ऐकून दुसरी, मग सगळ्याच. मी मोठ्याने बोलत राहिले. "आजीला उलट बोलू नकोस. बोललीस तर लांब पळ, तिचा नेम चांगला आहे. कुत्र्याला पांघरुणात घेऊ नकोस. मी परत आले तर हे आपण दोघी मिळून ऐकू आणि हसू. नाही आले तर तू एकटीने हस."

कियाना हसली नाही. तिने नीट ऐकून घेतलं, शाळेत ऐकतात तसं.

"हा तर तुझाच आवाज आहे, आई," ती म्हणाली. "तिचा कसा होता?"

मी तोंड उघडलं. शब्द सगळे होते माझ्यापाशी, आवाज नव्हता. तो शोधायला गेले तर माझाच सापडायचा.

"घोगरा," मावशी म्हणाली. "जरा घोगरा होता." आणि मग ती रडली.

शेपट्या राखेत जळून कोळसा झाल्या. कोणी काढल्याच नाहीत.

ते तुकडे आता पुन्हा शालीत आहेत. पट्टी मावशीने काढली नाही. नाव मात्र उघडं झालं. दुकानदार मला नावाने हाक मारतो आणि बरोबर मारली म्हणून खूश होतो. पोरंही नावाने हाक मारतात. मावशी तेवढी नाव घेत नव्हती. "ए पोरी" म्हणायची, नाहीतर नुसती खाकरायची.

परवा दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी आत मेजाखाली वायरी सोडवत होते.

"व्हर्ना," तिने हाक मारली.

मी ओ दिली आणि बाहेर आले. मावशीची पाठ माझ्याकडे होती. विमान उतरतं त्या माळाकडून येणाऱ्या रस्त्याकडे ती बघत होती.

"व्हर्ना," तिने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने.

"आले ना, मावशी. ही काय मी."

ती वळली. तिने माझं तोंड न्याहाळलं.

"हो," ती म्हणाली. "तूच." आणि पायरीवर बसत म्हणाली, "चहा टाक."