पाववाल्या म्हातारीचे संवाद

पिल्लू झोपलंय तोवर लिहून काढते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एकाच पडद्याचं छोटं थिएटर आहे. तिथल्या मालकीणबाईंना फ्रेंच सिनेमांचं भारी वेड. पडद्याखाली एक अरुंद पट्टी आहे, तिच्यावर संवाद आपल्या भाषेत उमटतात. मागे बसून कोणीतरी दर ओळीला एकदा बटण दाबायचं. बाळ होण्याआधी मी फ्रेंच शिकवायचे, म्हणून या वेळचे संवाद मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी रोखठोक सांगितलं, "माणसं हसली, तर पुढचे सगळे सिनेमे तुझे. ढिम्म बसली, तर नमस्कार."

सिनेमात एक पाववाली म्हातारी आहे, भलती तोंडाळ. पण माझ्या कागदावर ती मुख्याध्यापिकेसारखी बोलायला लागली. चार पानं फाडली. मग एका संध्याकाळी नवरा उशिरा घरी आला आणि सासूबाई कडाडल्या, "आलास? बस मेल्या. खुर्ची चावत नाही. तोंडात मिठाची गुळणी धरली असशील, तर थुंक आणि बोल!"

पिल्लूला पाजता पाजता मी जवळजवळ ओरडलेच. सापडली माझी म्हातारी! त्यानंतर सासूबाई बोलायच्या आणि मी गुपचूप टिपायचे. त्यांना गंधवार्ता नव्हती.

आज सकाळी पहिल्या खेळाला निघताना त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "मीही येते. बघू तरी तुझं फ्रेंच."

त्या पहिल्या रांगेत बसल्या. मी शेवटच्या रांगेमागे, पिल्लू झोळीत छातीशी. सिनेमा सुरू झाला. पहिला विनोद झाला, कोणी खोकलं. दुसऱ्याला तेही नाही. मालकीणबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या. माझे कान तापले.

मग तो प्रसंग आला. रुसून गेलेला जावई ओलाचिंब होऊन दुकानात परततो. मी बटण दाबलं: आलास? बस. पुन्हा दाबलं: खुर्ची चावत नाही.

आणि पिल्लू जागं झालं! त्याने माझा चष्मा ओढला, तो पकडायला माझे दोन्ही हात गेले. पडद्यावर म्हातारी तावातावाने बोलतेय आणि पट्टीवर खुर्ची तशीच अडकलेली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला,

"तोंडात मिठाची गुळणी धरली असशील, तर थुंक आणि बोल मेल्या!"

असा हशा उसळला की खुर्च्या करकरल्या. मालकीणबाई दाराला टेकून डोळे पुसत होत्या. पिल्लूसुद्धा खिदळलं. मी कशीबशी ती ओळ पट्टीवर आणली, जवळजवळ शब्दन् शब्द तीच, तेव्हा लोक दुप्पट हसले. पुढे म्हातारीने नुसतं तोंड उघडलं तरी खसखस पिकायची.

खेळ सुटल्यावर सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझं बोलणं चोरलंस?"

"आई, ते... म्हणजे..."

"आणि 'मेल्या' कुठे गेलं? दोन्हीकडे गाळलंस! त्याशिवाय मी कधी बोलते का?" त्यांनी पिल्लूला झोळीतून उचलून घेतलं. "पुढचा सिनेमा आधी मला वाचून दाखवायचा. याला मी सांभाळते, तू बटण सांभाळ."