माशाच्या पोटावरचं गाव

बाबांच्या पलंगासमोरच्या फळीवर परगावं ओळीने मांडून ठेवलेली होती. लाकडी मासा, निळ्या झिलईची वाटी, बोटभर उंचीचं पितळी दीपगृह, हलवला की आतल्या आत चुरा उडवणारा काचेचा गोळा. सगळं धाकटीने आणलेलं. इस्पितळांमध्ये तपासणीची अवजड यंत्रं बसवून द्यायचं तिचं काम, त्यामुळे तिच्या पायाला कायम भिंगरी. थोरलीच्या पायाखाली मात्र शिलाई मशीन. कुणाच्या पँटची कंबर कमी कर, कुणाची बाही आखूड कर, चेन बदल, असली कामं घरीच बसून करायची आणि मध्ये मध्ये उठून बाबांचं बघायचं, यात तिची वर्षं गेली होती. घरात, शेजारात, गिऱ्हाइकांत सगळे तिला ताईच म्हणत. बाबासुद्धा.

बाबा विमानतळाच्या बसवर ड्रायव्हर होते. लोकांना विमानतळापर्यंत सोडलं, विमानतळावरून परत आणलं, पण स्वतः तिथल्या काचेच्या दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून पलंग, खुर्ची आणि खिडकी एवढाच त्यांचा रूट उरला होता. त्याबद्दल ते कुरकुर करत नसत, कुरकुर ते चहा गार असण्याबद्दल करत.

धाकटी दौऱ्यावरून यायची ती अर्धमेली होऊनच. बॅग टाकायची, केशरी दोरीने बांधलेला तपकिरी कागदाचा पुडा ताईच्या हातात ठेवायची, "घे, बाबांना दे," म्हणायची आणि जाऊन झोपायची. बाबा दोरी कधी कापू द्यायचे नाहीत. गाठ नखाने सोडवत बसायचे, सुटलेली दोरी ताईच्या हवाली करायचे, ती दोरी शिवलेल्या कपड्यांची गाठोडी बांधायला कामी यायची. मग वस्तू हातात घेऊन ठरलेला प्रश्न, "कुठे मिळालं हे तिला?"

आता झोपलेल्या पोरीला उठवून कोण विचारणार? पहिल्या खेपेला ताईने नुसती वेळ मारून नेली. म्हणाली, बंदरावर एक म्हातारा बसतो, त्याच्याकडून घेतला मासा. बाबा म्हणाले, "मग?" त्या 'मग'ने सगळा घोळ केला.

म्हाताऱ्याचं एक बोट वाकडं झालं. तो मासा लगेच विकेना, आधी हातात धरून बघ म्हणाला. धाकटीने डोळे मिटून धरला आणि म्हणाली, माझ्या बाबांच्या तळहातात हा बरोबर बसेल. तेव्हा कुठे त्याने बारीक ब्रश घेऊन माशाच्या पोटावर आपल्या गावाचं नाव रंगवून दिलं. पुढच्या खेपेला वाटीसाठी एक कुंभारीण जन्माला आली, तिच्या पाठोपाठ दीपगृहाचा म्हातारा राखणदार. ताई एरवी थापा मारणाऱ्यातली नव्हती. 'उद्या नक्की देते' असं गिऱ्हाइकाला सांगतानाही तिची जीभ अडखळायची, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं. पण पदरचं घालून या गोष्टी सांगताना तिला आपण खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही. म्हातारा खोटा असेल, ब्रश खोटा असेल, पण कुठल्याशा परक्या गल्लीत उभी राहून धाकटी आपली आठवण काढते, एवढं तर खरं असणारच. त्या एवढ्याशा आधारावर तिचं सगळं चाललं होतं.

मग एक दिवस ताईवरच प्रवासाची पाळी आली. तिच्या लहानपणच्या मैत्रिणीला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती शाळेत शिकवायची आणि घरीही शिकवणं थांबवायची नाही. मास्तरणीने समुद्राकाठच्या एका शहराची सहल ठरवली होती आणि तिच्या नवऱ्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. "तू चल," ती म्हणाली. ताईने सबबींचा पाढा वाचला. धाकटीने तो मध्येच तोडला.

"मी आठवडाभर रजा काढते. बाबांची औषधं मला समजावून सांग आणि जा. यंत्रं सांभाळते मी, बाबांना सांभाळता येणार नाही होय?"

"यंत्रं चहा गार झाला म्हणून रुसत नाहीत," ताई म्हणाली. पण गेली.

जाताना तिने मनाशी एकच ठरवलं होतं. बाबांसाठी काहीतरी आणायचं, आणि तेही रीतसर शोधून, गल्लीबोळ पालथे घालून. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवलेली गोष्ट या वेळी खरी करून दाखवायची. पोचल्यापासून तिने मास्तरणीला बाजारातून नुसतं फरफटत नेलं. म्हातारे भेटले, नाही असं नाही. एक छत्र्या विकत होता, दुसरा मोबाईलची कव्हरं. त्याची सगळी बोटं सरळ होती.

"तू नक्की काय शोधतेयस?" मास्तरणीने पाय चोळत विचारलं.

"मिळालं की सांगते."

एका दुपारी मास्तरीण खोलीवर झोपली आणि ताई एकटीच समुद्रासमोरच्या बाकावर जाऊन बसली. पाण्यावर एक बोट होती. ती जाताना दिसायची, पण जागची हलल्यासारखी वाटायची नाही. ताई तिच्याकडे बघत राहिली. उठली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बाबांच्या डोळ्यांतल्या थेंबांची वेळ कधीच टळून गेली होती. थेंब धाकटी घालणार होती, त्याची काळजी नव्हती. पण अख्खी दुपार आपल्याला घर आठवलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं. आणि त्याचं वाईट वाटत नाहीये, याचं तिला वाईट वाटलं. त्यानंतर खरेदीचा विषय ती पार विसरूनच गेली.

आठवण झाली ती थेट परतीच्या विमानतळावर, आणि तीही केशरी रंगामुळे. विमानात बसायला सोडतात त्या दाराशेजारी एक छोटं दुकान होतं. काउंटरवर केशरी दोरीचं मोठं रीळ होतं आणि विकणारी मुलगी झपाझप तपकिरी पुडे बांधत होती. ताईने ती दोरी ओळखली. शेकडो गाठोडी बांधली होती तिने त्या दोरीने. मग तिने वर पाहिलं. मांडणीवर निळ्या वाट्यांची चळत होती. शेजारी काचेचे गोळे, पितळी दीपगृहं. आणि टोपलीत मासे. आपल्या घरच्यासारखेच, वाकड्या शेपटीचे लाकडी मासे, ढिगाने. तिने एक उलटा केला. पोटावर याच शहराचं नाव होतं. दुसरा उलटा केला, तेच नाव. एकाच साच्यातून छापलेलं, एका अक्षराचाही फरक नाही.

बंदरावरचा म्हातारा तिने स्वतःच घडवलेला होता. तो कधी नव्हताच, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो नाही म्हणून तिला रडू यायला लागलं. म्हणजे धाकटी अशी घेते. विमानाकडे धावता धावता, हाताला येईल ते, कुणासाठी याचाही विचार न करता. आणि आपण वेड्यासारख्या त्या दोऱ्या जपून ठेवल्या.

"अगं, चल, आपलं नाव पुकारतायत," मास्तरणीने हाक मारली.

ताईने रागारागाने टोपलीतला एक मासा उचलला आणि काउंटरवर ठेवला. घरी गेल्यावर तो धाकटीच्या पुढ्यात टाकायचा आणि विचारायचं, हे ओळखतेस का? विमान उडाल्यावर तिच्या लक्षात आलं की बाबांसाठी आपण काहीच घेतलेलं नाही.

दार धाकटीने उघडलं. केसांत ताईचा चिमटा, अंगावर ताईचाच गाऊन. "आलीस बाई एकदाची," म्हणाली आणि गळ्यातच पडली. धाकटी अशी गळ्यात पडणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे ताईचं घोकून ठेवलेलं वाक्य घशातच राहिलं. धाकटीने तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तो वाकड्या बोटाचा म्हातारा कोण?"

ताईने ग्लास खाली ठेवला.

"बाबा रोज फळीवरचं एकेक काढायला लावतात आणि माझ्याच गोष्टी मला सांगतात," धाकटी म्हणाली. "मी डोळे मिटून मासा धरला म्हणे. कुंभारणीच्या रडणाऱ्या नातवाला थोपटून झोपवलं म्हणे. मी! अगं, इस्पितळाचं तळघर आणि हॉटेलची खोली, यापलीकडे मी कुठलंच गाव बघितलेलं नाही. एका गावाला समुद्र आहे हे मला घरी आल्यावर कळलं."

"मग सांगितलंस त्यांना?"

"काय सांगणार? इतकी चांगली बाई आहे ती गोष्टीतली. मी आपली 'मग?' करत ऐकत बसले."

ताईने पिशवीतून पुडा काढून ओट्यावर ठेवला. दोरी बघताच धाकटीचा चेहरा उतरला.

"गेटाजवळचं दुकान. सगळ्या विमानतळांवर असतं ते," ती म्हणाली.

"हो. मला वाटायचं, तू तिकडे आमची आठवण काढतेस."

धाकटी ओट्यावरचं पाणी बोटाने पुसत राहिली. "खोटं कशाला बोलू, ताई. काम चालू असताना नाही येत आठवण. यंत्र चालू होईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. ते दुकान दिसलं की पहिल्यांदा जाणवतं, आता घरी जायचंय, घरी तुम्ही दोघं आहात. मग सुचत नाही, हाताला लागेल ते उचलते. त्या निळ्या वाटीपायी एकदा विमान चुकता चुकता राहिलंय माझं. पण तेवढंच. तू चिडणार हे मला कळतंय."

ताई चिडलेलीच होती, चांगली दोन तासांचं विमान भरून. पण तिला तो बाक आठवला, आणि पाण्यावरची ती बोट. "मलाही दुकान दिसल्यावरच आठवलं," ती म्हणाली. हे मोठ्याने बोलल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

आतून बाबांचा आवाज आला. "ताई आली ना? का जे आणलंय ते तिथेच संपवताय दोघी?"

"काय आहे यात?" धाकटीने कुजबुजत विचारलं.

"मासा."

"कुठला मासा?"

"तोच."

धाकटीने कपाळाला हात लावला. "तोच कशाला आणलास?"

"तुझ्या तोंडावर मारायला," ताई म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना. पण हसता हसता ताई मध्येच थांबली. हा मासा त्या माशाशेजारी गेला की म्हातारा संपला, कुंभारीण संपली, बाबांची फळीच रिकामी झाली. दुसरं द्यायला हाताशी काहीच नव्हतं.

बाबांनी गाठ सोडवली, नेहमीसारखी, सावकाश. कागद उलगडला. माशाकडे बघितलं, मग फळीकडे. "तो दे गं इकडे," ते धाकटीला म्हणाले. एका तळहातावर एक, दुसऱ्यावर दुसरा. तोच डोळा, तेच खवले, तीच वाकडी शेपटी. त्यांनी दोन्ही उलटे केले आणि पोटांवरची दोन गावं वाचली.

"कुठे मिळाला हा?"

ताईने तोंड उघडलं. न पाहिलेल्या गावांच्या एवढ्या गोष्टी सुचल्या होत्या, आणि पाहून आलेल्या गावाची एक सुचेना.

"तिला ना, एका बाईने दिला," दाराशी उभी असलेली धाकटी म्हणाली.

"तुला काय माहीत?" बाबांनी विचारलं.

"फोनवर म्हणाली ना मला. ती बाई त्या बंदरावरच्या म्हाताऱ्याची बहीण. दोघांनाही मासा करायला त्यांच्या वडिलांनी शिकवलं, म्हणून दोघांचा सारखाच होतो. गाव वेगळं, मासा एकच."

"मग?"

धाकटीची शिदोरी तिथेच संपली. तिने ताईकडे पाहिलं. ताई पलंगाच्या पायथ्याशी टेकली.

"ती समुद्रासमोर बाकावर बसली होती, बाबा," ताई म्हणाली. "घरचं काहीही न आठवता, दुपारभर. तिचा भाऊ सारखा लांब असतो आणि तिला वाटायचं, तो आपल्याला विसरतो. त्या दुपारी तिला कळलं की माणूस विसरतो, आणि परत निघताना त्याला आठवतं. एवढं पुरतं म्हणाली."

बाबा केशरी दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"विमानतळाची बस जन्मभर चालवली मी," ते शेवटी म्हणाले. "परत येणाऱ्या एकूण एक माणसाच्या मांडीवर असला पुडा असायचा. याच दोरीचा. पण एकालाही मी विचारलं नाही, कुठे मिळालं म्हणून. त्यांना काही सांगता आलं नसतं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. बाबांनी दोरीचं वेटोळं नेहमीप्रमाणे तिच्या हातात दिलं, दोन्ही मासे पांघरुणावर जवळजवळ ठेवले आणि उशीला टेकून बसले.

"हं, मग?" ते म्हणाले. "बहीणभाऊ पुढे भेटले की नाही?"

दोघी एकदमच सांगायला लागल्या, आणि दोघींचं काही केल्या जुळेना.