जर्मनीची पावती, सावद्याचा सत्कार

माझ्या नवऱ्याचा सत्कार ठरला, तोही पोलिसांनी पावती फाडली म्हणून. हसू नका. सावद्यात सत्काराला कारण लागतं. ते चांगलंच असावं असा काही नियम नाही.

मे महिन्यात आम्ही दोघं जर्मनीला गेलो होतो, आमच्या लेकाकडे, दीपककडे. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून त्यानं ह्यांच्या नावावर भाड्याची गाडी काढून दिली. तिकडे चालणारं लायसन आम्हा दोघांकडेही होतं. ह्यांनी मोठ्या ऐटीत गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर उलट्या बाजूला घातली. समोरचा बसवाला हॉर्नसुद्धा न वाजवता नुसता बघत राहिला. ह्यांना दरदरून घाम फुटला. "तू घे बाई," म्हणाले. मला गाडी लग्नाआधीपासून येते. पुढचे चार दिवस मीच चालवली, आणि हे शेजारी बसून रामराम म्हणत होते.

सावद्याला परतल्यावर मात्र आमच्या केळीच्या धंद्याच्या ऑफिसात ह्यांची गाडी सुसाट! "काय ते रस्ते! मी काटा एकशे तीसच्या खाली आणलाच नाही." मी गप्प बसले. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा कशाला करायचा? पण इथं मी चावी मागितली की ह्यांचं एकच पालुपद: "सावद्यात बाईच्या हातात गाडी? लोक काय म्हणतील!"

त्यातच पाचोऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीचं, ज्योतीचं ऑपरेशन ठरलं. गुरुवारी दुपारी. पोटात गाठ होती. फोनवर रडत होती बिचारी, "ताई, मला आत नेण्याआधी तू ये गं." हे म्हणाले, "केळीची कटाई चालू आहे, रविवारी नेतो." रविवारी जाऊन काय तिचे टाके बघायचे?

आणि बुधवारी जर्मनीचं पत्र आलं, भर ऑफिसात. ट्रान्सपोर्टवाल्या हबीबभाईंनी मोबाइलवर भाषांतर केलं: शंभरच्या रस्त्यावर एकशे अठ्ठावीस. सोबत कॅमेऱ्यानं समोरून काढलेला फोटो. इतका काळपट, की स्टिअरिंग दिसतच नव्हतं. एका सीटवर मी, अगदी खुशीत. दुसऱ्या सीटवर चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन.

चुडामण आबा गावातले वडीलधारे. त्यांनी चष्मा लावून निकाल दिला, "हा चौकोनवालाच डायवर. आपल्या गाडीत डायवर याच बाजूले बसतो ना? पोलिसायनं त्याची इज्जत ठेवली, तोंड झाकलं."

तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि शेजारी बसणाऱ्याचं तोंड झाकायची तिथल्या पोलिसांची रीत आहे, हे मला दीपकनं फोनवर सांगितलं. आबांना कोण सांगणार? "आणि भाभी बाजूला कशा मजेत बसल्यात!" हबीबभाई म्हणाले. हे नुसते गालात हसले. मग काय, परदेशात पावती फाटलेला सावद्याचा पहिला माणूस म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी सत्कार ठरला! शाल, नारळ, जिलेबी. कटाई थांबवून, बरं का. सत्काराला वेळ होता ह्यांना.

माझं डोकंच फिरलं. सकाळी ऑफिससमोर मांडव, ह्यांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या. मी मागून जाऊन कानात म्हटलं, "चावी द्या. नाहीतर माईक द्या."

चावी लगेच मिळाली.

गाडी दोन ट्रकांच्या मधे अडकली होती. मी रिव्हर्स घेतली, एका दमात बाहेर काढली. आबांनी तोंडात घातलेली जिलेबी तशीच राहिली. "प्रेमराज, सूनबाईले गाडी येते का रे?"

आणि हे माईकवरून म्हणतात, "येते म्हणजे काय आबा! मीच तर शिकवली!"

माझा पाय ब्रेकवर गेला. मला गाडी शिकवली माझ्या वडिलांनी. पाचोऱ्यात, कापसाच्या जिनिंगच्या आवारात, जुन्या जीपवर. पोरीला जीप शिकवतो म्हणून लोक त्यांना हसायचे. ते म्हणायचे, "हसू दे. तू समोर बघ." वारले त्याला अकरा वर्षं झाली. नवऱ्याला जर्मनीचा मान मी फुकटात दिला होता. बापाचा मी देणार नव्हते.

उतरले, तरातरा गेले आणि माईक घेतला. "मला गाडी माझ्या वडिलांनी शिकवली. आणि जर्मनीतही ती मीच चालवली. ह्या फोटोतला काळा चौकोन म्हणजे हे."

हे मान खाली घालून उभे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण सांगितल्याचा पस्तावा नाही झाला. मग ह्यांनी शाल काढली, घडी करून मागच्या सीटवर ठेवली. "ज्योतीला होईल दवाखान्यात," एवढंच म्हणाले.

"येताय का?" मी विचारलं.

शेजारी येऊन बसले. जळगावच्या पुढे एकदाच, "हळू," म्हणाले. साडेअकराला मी ज्योतीचा हात धरून बसले होते. तिला अजून आत नेलं नव्हतं.