वायरीच्या अंगात आलं

मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात गर्दी होती, पण कपडे कुणीच आणले नव्हते. वायरीच्या अंगात आलंय, ही बातमी गल्लीभर झाली होती. दोन्ही इस्त्र्या लावल्या की मीटरपासून दुकानापर्यंतची वायर तापायची, दिवा मलूल व्हायचा. ती वायर मागच्या खोलीत, मावशीच्या सासूबाईंच्या पलंगाखालून जायची. सासूबाईंना उठता येत नसे.

पलंगाशेजारी सतरंजीवर पीडा उतरवणारे एक बाबा बसले होते.

"जुनी पीडा आहे. यंत्रं बंद करा, मंत्राला यंत्र चालत नाही."

इस्त्र्या बंद झाल्या. बाबा पुटपुटले, फुंकरले, पुन्हा पुटपुटले. उकळता चहा गार व्हावा इतका वेळ गेला.

"लावा हात."

वायर गार होती. दिवाही लख्ख.

"फुंकरीत काय पॉवर आहे," शेजारचा शिंपी म्हणाला.

"किती वॅट?" मी विचारलं.

मावशीने डोळे वटारले. "चार बुकं शिकलीस म्हणून देवाचीही परीक्षा घेणार का?"

बाबांनी झोळीतून जाड लाल कापड काढलं. "वायर यात गुंडाळा. बदलू नका, नाहीतर पीडा माणसात शिरेल."

माझं हसू मावळलं. तापणाऱ्या वायरीला दुलई, आणि वर न उठणारी बाई.

"बाबा, एकदा इस्त्र्या चालू ठेवून मंत्र म्हणा," मी म्हटलं.

"आज योग नाही."

"मग गप्प बसायचा योग बघू."

मी इस्त्र्या लावल्या. वायर तापली. बंद केल्या. बाबा मुकाट, तरी वायर गार झाली.

"मावशी, वायर बारीक आणि लांब आहे. तिचा रोध एक ओहम धर. दोन इस्त्र्या पंधरा अँपिअर ओढतात. पंधराचा वर्ग गुणिले एक, म्हणजे सव्वादोनशे वॅट वायरीतच उष्णता होऊन जातात. पंधरा व्होल्टही वाटेतच खर्च होतात, म्हणून दिवा मलूल. एकच इस्त्री लाव, प्रवाह निम्मा, उष्णता पावपट. कापड गुंडाळलंस तर ती उष्णता आतच कोंडेल."

"आणि मग?"

"मग पेटेल. आजींच्या पाठीखाली."

मावशीने लाल कापडाची घडी घातली, सवयीने कडा जुळवल्या आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. "मी वायरमनला बोलावते. जाड वायर टाकून घेते."

"पीडा शिरेल, बाई."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना आज इथेच झोपू दे. पलंगाखाली. दोन्ही इस्त्र्या लावून."

बाबांना अचानक दुसऱ्या गल्लीतली पीडा आठवली.

वायर तापली तर वायर तपासा. फुंकरीने चहा निवतो, चूक सुधारत नाही.