चार चुंबकांची रांग

मी एक जुना पांढरा फळा आहे. म्हणजे पांढरा होतो. माझ्यावर फुटबॉलचं मैदान छापलेलं आहे आणि खेळाडू म्हणून रंगीत चुंबकं चिकटतात. मित्रांनो, माझ्यासारखा अपमान कुठल्याही फळ्याच्या वाट्याला येऊ नये.

निशिकांतने मला विकत आणलं, तेव्हा तो सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होता आणि तिथल्या संघाला बचाव शिकवायचा. कंपनीच्या बसमध्ये मी या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचो. बचावाचे चौघे एका हाकेसरशी पुढे सरकायचे आणि समोरचा खेळाडू ऑफसाइड सापडायचा; एक जण जरी मागे राहिला तर डाव फसलाच. हाक द्यायचा मनोहर, हुद्द्याने सगळ्यांत खालचा. "साहेब, झोपलात काय? वर या!" असं तो शिफ्टच्या साहेबांवर बेधडक ओरडायचा, आणि साहेब मुकाट पुढे यायचे. कारखान्यात गळती दिसली की कोणीही कोणालाही थांबवायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ताच होता. दोन वर्षं आम्ही कंपन्यांच्या स्पर्धेचा करंडक आणला. निशिकांत मला शर्टाच्या बाहीने पुसायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

मग शहरातल्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला बोलावलं. करंडक जिंकून दिलास तर पूर्णवेळ प्रशिक्षकाची नोकरी, असं तिथले मॅनेजर शिरीष म्हणाले. निशिकांतला जन्मभर हेच तर करायचं होतं. त्याची बायको नीता म्हणाली, "एकदाचा सुटशील त्या शिफ्टमधून."

चुंबकं तीच, रेघाही त्याच. पण शिरीषसाहेबांना बचावात मधोमध खेळायची हौस, आणि हाक द्यायचं काम आलं वरुणवर. वरुण ऑफिसात त्यांच्याच हाताखाली. साहेब मागे रेंगाळायचे आणि हा पठ्ठ्या मिठाची गुळणी धरून उभा. निशिकांत सांगून सांगून थकला. एकदा वरुणने धीर केला. "सर, थोडं पुढे येता का, प्लीज?" तोवर गोल होऊन गेला होता.

साहेबांनी दुसऱ्या जागी खेळावं, असंही निशिकांतने सुचवून पाहिलं. "कॅप्टन मी आहे ना?" शिरीष हसून म्हणाले. माझ्या अंगाची नुसती आग आग व्हायची, पण फळ्याला विचारतो कोण?

शेवटच्या सामन्यात तीन गोल खाल्ले, तिन्ही वेळा साहेब मागे. सामना संपल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत माझ्यावर बोट आपटलं. "डावपेचच चुकीचे होते. काय वरुण?"

"हो सर," वरुण म्हणाला.

प्रशिक्षकाची नोकरी हातची गेली. मला काखेत मारून निशिकांत एमआरटीच्या मेट्रो स्टेशनाकडे निघाला. वरुण धावत मागे आला आणि त्याच्या बरोबरीने चालू लागला.

"तुझा पास कधी संपतोय?" निशिकांतने विचारलं. पास म्हणजे परदेशी माणसाचा इथे काम करायचा परवाना; तो संपला की गाशा गुंडाळायचा.

"मार्चमध्ये. रिन्यूअल शिरीष सरच बघतात."

"मग तू तरी काय बोलणार?"

आता मी निशिकांतच्या घरी, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे धूळ खात पडलोय. निशिकांत पुन्हा त्याच कारखान्यात शिफ्टच्या बसने जातो. मनोहरने दोनदा बोलावलं, तरी तो मैदानावर गेला नाही. आपल्याला बचाव शिकवता येतच नाही, असं त्याच्या मनाने घेतलंय, आणि हेच मला सहन होत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही कोणाचे तरी साहेब व्हाल. तेव्हा हाताखालच्या माणसाला तुमच्यावर ओरडता येतं का, ते बघा. येत नसेल, तर हरल्यावर निदान दुसऱ्याकडे बोट दाखवू नका.