आवाज गेला तेव्हा

प्रणालीने पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. शेजारी गजेंद्र पडद्याकडे बघून मनापासून हसत होता.

अमरावतीतल्या फिल्म सोसायटीने बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला एक गमतीदार प्रेमपट लावला होता. लहानसं गाव, पोस्टमास्तरची मुलगी आणि ती बघायला मिळावी म्हणून रोज तिच्याकडून टपालाचं एक तिकीट विकत घेणारा शाळामास्तर. सगळे इतके निवांत, की कुणालाच कुठे जायचं नव्हतं. प्रणालीला त्या निवांतपणाचाच राग येत होता.

पुढच्या आठवड्यात तिचा गजेंद्रशी साखरपुडा होता. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान तेल्हाऱ्यात आणि तिला नोकरी लागली होती बंगळुरूला. घरी कुणी ऐकेना, म्हणून तिने नकार सांगायला त्यालाच बोलावलं. सिनेमा त्याने सुचवला. अंधारात बसल्यापासून शब्द ओठांशी येऊन परत जात होते.

एकाएकी आवाज बंद पडला. नदीकाठी मास्तर आणि ती मुलगी नुसतेच ओठ हलवू लागले. मागून शिट्ट्या आल्या.

गजेंद्र तिच्याकडे झुकला आणि मास्तरच्या ओठांबरोबर हळूच म्हणाला,

"आज तिकिटं नाई काय वं?"

पडद्यावरच्या मुलीने मान वळवली. प्रणालीच्या तोंडून निघून गेलं,

"हायेत. पन मले या गावात रायचं नाई."

"मंग कुठी चालली?"

"लांब. नोकरी लागली मले. लग्न नाई करत मी."

हा आवाज पोस्टमास्तरच्या मुलीचा राहिला नव्हता. गजेंद्र सावकाश सरळ बसला. पडद्यावर मास्तर हात जोडून विनवण्या करू लागला होता. त्या ओठांना गजेंद्रने शब्द दिलेच नाहीत.

"जा मंग," पडद्याकडे बघतच तो म्हणाला. "घरच्यायले मी सांगतो."

आवाज परत आला. टाळ्या पडल्या. प्रणालीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जीव उलट जास्तच कासावीस झाला.

"थांबा काहून नाई म्हटलं तुमी?"

"म्हटलं असतं तर थांबल्या असत्या काय?"

"नाई."

"मंग पाहू द्या ना आता. त्या मास्तरचं काय होते ते."

आता उठून जायला हरकत नव्हती. पण प्रणाली उठली नाही; त्याला अजून मास्तरचीच काळजी, हे बघून ती एकदम खळखळून हसली. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. पडद्यावर पोस्टमास्तर मुलीवर संतापला होता. हसण्यासारखं तिथे काहीच चाललं नव्हतं.